पहिल्या नंबराच्या नोट्स

आमची ही एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये सहायक आहे. म्हणजे चाळीस यंत्रं सकाळी चालू करायची, संध्याकाळी बंद करायची, आणि मधल्या वेळात कुणी पासवर्ड विसरलं, कुणाचा प्रोग्राम अडला, कुणी रडायला लागलं, हे सगळं निस्तरायचं. मुलं तिला लॅबवाल्या ताई म्हणतात. अडलं की आधी तिच्याकडे येतात आणि मग सरांकडे, कारण सर ओरडतात. हिला त्यातलं किती कळतं हे मुलांना ठाऊक आहे, सरांनाही ठाऊक आहे. पण कागदावर ती सहायक, आणि कागदापुढे कुणाचं चालत नाही. मला याचा राग येतो. हिला येत नाही, आणि मला त्याचाही राग येतो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्या कामात कागदाला फारसा मान नाही. लिफ्ट चालली तर मी शहाणा, नाही चालली तर गाढव. बारा वर्षांपूर्वी आमचं नवं लग्न झालं होतं तेव्हा ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. तीन तासांचा एक पेपर आणि त्यात चार वर्षांचा सगळा अभ्यास. माहिती झाडासारखी कशी मांडतात, एकाच यंत्रावर दहा कामं आळीपाळीने कशी चालतात, दोन कामं एकमेकांची वाट बघत कायमची कशी अडकून बसतात, असलं काय काय. हिने त्याच्या तीन वह्या लिहिल्या. दोनशे चाळीस पानं, बारीक इंग्रजी अक्षर, एकही ओळ वाकडी नाही. मी त्या वह्यांकडे नुसता बघत बसायचो. आपल्या घरात एवढं काही चाललंय याचंच मला अप्रूप होतं.

परीक्षा हुकली. दीड गुणाने. हिने निकालाच्याच आठवड्यात त्या वह्या शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीला देऊन टाकल्या आणि लॅबमधली नोकरी धरली. त्या दिवसाबद्दल, त्या पेपरबद्दल आमच्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मीही विषय काढला नाही. माझ्या सोयीचंच होतं ते.

वह्यांनी मात्र बाहेर संसार थाटला. त्या मुलीने झेरॉक्स काढली, तिच्या मैत्रिणीने त्या झेरॉक्सची झेरॉक्स. कुठल्या तरी दुकानदाराने तिला स्पायरल लावून वर छापून टाकलं, 'पहिल्या नंबराच्या नोट्स'. लिहिणारा देशात पहिला आला होता म्हणे. दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण तयारीसाठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तो गठ्ठा छातीशी धरूनच आली. "वहिनी, हे मिळालं म्हणजे अर्धी लढाई जिंकली!" हिने पहिलं पान उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. सांगू नका म्हणून. मी मूग गिळून बसलो.

"अहो, तिला आधार वाटतोय ना," ही नंतर म्हणाली. "मग वाटू दे."

धाकटीला आधाराची फार गरज होती. मुलगी हुशार, पण पेपर हातात आला की हात गार पडायचे. पहिल्या वेळी तिने नऊ बरोबर उत्तरं बदलून चुकीची केली होती. दुसऱ्या वेळी मधेच उलटी झाली. नोकरी सोडून आलेली, आणि ही तिसरी खेप शेवटची, असं आईला तिनेच कबूल केलं होतं. नाही जमलं तर परत त्याच कंपनीत जाऊन कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. गेले काही महिने मात्र ती जरा सावरली होती. नोट्समधलं पान न् पान तिला पाठ झालं होतं. कुणी काही विचारलं की पानाचा आकडा सांगायची.

परीक्षेला नऊ दिवस होते. संध्याकाळी धाकटीने घरी क्लासची सराव परीक्षा दिली आणि उत्तरं ताडून बघताना वैतागली. "क्लासवाल्यांनी उत्तर चुकीचं छापलंय, वहिनी. दोनशे सत्तेचाळीस येतं, यांनी तीनशे पाच दिलंय."

ही पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "कुठला प्रश्न?"

"लिफ्टचा."

हा प्रश्न मलाही कळतो, तेव्हा कुणालाही कळेल. संगणकातल्या फिरत्या तबकडीवर माहितीचे पट्टे असतात, शून्यापासून एकशे नव्याण्णवपर्यंत. वाचणारा हात पन्नासवर आहे आणि वर निघालाय. त्याला त्रेचाळीस, ब्याऐंशी आणि एकशे सत्तर या पट्ट्यांवरून बोलावणी आहेत. हात लिफ्टच्या पद्धतीने फिरला तर एकूण किती पट्टे ओलांडेल? धाकटीने हात एकशे सत्तरला नेऊन तिथूनच परत फिरवला होता.

"क्लासचं उत्तर बरोबर आहे," ही म्हणाली. "हात शेवटच्या पट्ट्यापर्यंत जातो. तिथे कुणी बोलावलेलं नसलं तरी. मग वळतो."

"पान एकशे बारा बघ ना! इथे स्पष्ट लिहिलंय." धाकटी हसली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. "वहिनी, रागावू नकोस हं, पण पहिला आलेला माणूस चुकेल का?"

पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ही माझ्या कामावर आली. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी एका आठ मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होतो, हात ग्रीसने माखलेले. ही दारात उभी राहिली, घामाने डबडबलेली, कारण लिफ्ट मीच बंद ठेवली होती.

"तिला सांगायचं कसं?" हिने आल्या आल्या विचारलं. "ते पान चुकलंय. मला वाटलं होतं, इतक्या हातांतून गेलं, कुणीतरी सुधारलं असेल."

"चुकलंय तर चुकलंय. तू लिहिलंस कसं ते?"

ही मोटारीकडे बघत राहिली. "पुस्तक उसनं होतं, परत द्यावं लागलं. वर्गात नुसतं सांगितलं होतं, हात लिफ्टसारखा फिरतो. मग मी तुम्हाला विचारलं."

मला लख्ख आठवलं. नवी नवरी आपल्या धंद्यातलं काही विचारतेय म्हटल्यावर मी काय फुशारलो होतो! अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. वर कुणी बोलावलंच नसेल तर लिफ्ट तिथे कशाला जाईल, शेवटचं बोलावणं झालं की तिथूनच वळते. आणि ते खरंच आहे, माझी प्रत्येक लिफ्ट तशीच वळते. हिने ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

"तो प्रश्न तुझ्या पेपरात आला होता?"

"आला होता. दोन गुणांचा."

दोन गुण, आणि हुकलं होतं दीडने. हे गणित मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिथेच खोक्यावर बसलो. "बारा वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"तुमची लिफ्ट बरोबरच वळते. पुस्तकातली वेगळी आहे. त्यात काय बोलायचं?" मग तिने मूळ विषय धरला. "ते पान सांगितलं नाही, तर तिचे दोन गुण जातील. सांगितलं, तर बाकीच्या दोनशे एकोणचाळीस पानांवरचा विश्वास जाईल. तुम्हीच सांगा."

मला काय सांगता येणार होतं, कपाळ! मी म्हटलं, पुस्तक दाखव.

त्या संध्याकाळी हिने कॉलेजच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणलं आणि धाकटीपुढे उघडून ठेवलं. त्यात दोन्ही पद्धती होत्या, दोन वेगळ्या नावांनी. लिफ्टचं नाव ज्या पद्धतीला दिलेलं, तिच्यात हात रिकाम्या टोकापर्यंत जात होता. धाकटीने दोनदा वाचलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"मग बाकीचं?" ती म्हणाली.

तिथून जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. अभ्यास राहिला बाजूला, ती नोट्समधली प्रत्येक ओळ पुस्तकाशी ताडायला लागली. तीन दिवस. ताट समोर तसंच. इतर कुठे काही चुकलेलं सापडलं नाही, तर त्यानेही ती घाबरली. म्हणजे असणार कुठेतरी, आपल्यालाच दिसत नाही. "कुणी लिहिलंय कोण जाणे! कुणाच्या नादी लागून दोन वर्षं घालवली मी!" ती परत परत तेच म्हणत होती. ही बाजूला भाजी निवडत मुकाट ऐकत होती.

माझा स्वभाव तापट. रविवारी सकाळी मी चहाचा कप आपटला. "कुणी लिहिलंय म्हणून काय विचारतेस? तुझ्या वहिनीने लिहिलंय! आणि ती चूक तिची नाही, माझी. एकशे बारा पानावर लिफ्टशेजारी पान्हा घेतलेला मिशीवाला काढलाय ना? तो मी आहे."

धाकटीने आधी माझ्या आता मिशी नसलेल्या ओठाकडे बघितलं, मग हिच्याकडे. मला वाटलं होतं, आता ही पोरगी उठून वहिनीच्या गळ्यात पडेल. तिने अगदी हळू विचारलं, "मग वहिनी, तुझा नंबर कितवा आला होता?"

"आला नाही," ही म्हणाली.

धाकटीने नोट्स बंद केल्या. पुस्तकही बंद केलं. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दुपारी आईचा फोन आला, तो तिने घेतला आणि सांगून टाकलं, "मी बसणार नाही परीक्षेला." आईने मग मला फैलावर घेतलं. मी ऐकून घेतलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मला स्वतःचीच किळस आली होती; एका तोंडाने मी दोघींचं वाटोळं केलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ही लॅबमधून आली, पर्स ठेवली, हातपायही न धुता धाकटीच्या खोलीत गेली आणि दिवा लावला. मी बाहेर बूट काढत होतो. हिचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"ऊठ. पहिल्या नंबराचं काय घेऊन बसलीस? त्याला काय आठवत असणार? त्याचं सगळं बरोबर आलं, तो घरी जाऊन झोपला. माझे अकरा चुकले. अकराच्या अकरा मला पाठ आहेत. बारा वर्षं रोज भांडी घासताना मी ते सोडवतेय. तुला कुणाकडून शिकायचंय ते ठरव."

खुर्ची सरकली.

"पहिला कुठला?" धाकटीने विचारलं.

पहिला लिफ्टचा. हिने कागदावर दोन्ही वाटा काढल्या, रिकाम्या टोकापर्यंत जाणारी आणि न जाणारी. तिसरा दोन कामांचा, दोघांच्या हातात एकमेकांची किल्ली, कुणीच सोडायला तयार नाही. "यात मी घाईत एक अट वाचलीच नव्हती." पाचव्याला ही म्हणाली, "बरोबर लिहिलं होतं, खोडून चुकीचं लिहिलं." धाकटीला हसू फुटलं. "मी असे नऊ केलेत, वहिनी!" "माहीत आहे. म्हणून सांगतेय. खोडायचं नाही." सातव्यात शून्यापासून मोजायचं होतं, हिने एकपासून मोजलं होतं. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. यातलं अर्धं मला कळत नव्हतं, पण हलवत नव्हतं तिथून.

दहा झाले.

"आणि अकरावा?"

"अकरावा मला येत होता. मिनिटभराचं काम. वेळ संपली."

"का?"

"वीस मिनिटं उशिरा बसले होते."

त्या सकाळी हिला मी गाडीवरून सोडायला निघालो होतो. वाटेत फोन आला, दोन म्हाताऱ्या लिफ्टमध्ये मजल्यांच्या मधे अडकल्या होत्या. पाच मिनिटांत येतो म्हणून मी हिला त्या इमारतीखाली उभं केलं आणि पाऊण तासाने खाली आलो. म्हाताऱ्यांना काढलं ते काही चुकलं नाही. पण हिला बसमध्ये बसवून द्यायचं मला सुचलं नव्हतं, आणि हिने वर निरोप पाठवला होता तो ऐकून मी "आलोच" म्हटलं होतं. दोनदा.

आत ही शांतपणे सांगत होती, "तू त्या दिवशी एकटी निघ. पहिल्या बसने. दादाच्या गाडीवर बसू नकोस."

"वहिनी, दादा दारातच आहे."

"माहीत आहे," ही म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी धाकटी सव्वासहाच्या बसने गेली. आम्ही दोघं तिला थांब्यापर्यंत सोडायला गेलो होतो. तिचे हात गारच होते, पण चढताना तिने मागे बघून अकरा बोटं दाखवायचा प्रयत्न केला आणि जमेना म्हणून हसली. बस वळली. रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "त्या दिवशी."

मला वाटलं, ही नेहमीसारखं म्हणेल, त्यात काय बोलायचं.

"हो," ही म्हणाली, आणि आम्ही घराकडे निघालो.