भावोजींच्या रागाचं इंग्रजी

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये सहावीच्या वह्या तपासत होते. यांचा आवाज नीट येत नव्हता. "दादा गेलो गो... मांद्र्याक जावंक जाय," एवढंच कळलं. अशा वेळी माणसाला रडू फुटतं, निदान हातातलं पेन तरी गळून पडतं. मी मात्र समोरची वही शेवटपर्यंत तपासली, खाली सही केली, आणि मनात आलं ते हे की, म्हणजे आता विचारायचं राहूनच गेलं... सांगायची लाज वाटते, पण पाच-सहा आठवडे झाले तरी मी तिथेच अडकून आहे. भावोजी माझ्यावर रागावून गेले का, हे मला कळत नाही.

भावोजी म्हणजे माझे थोरले दीर. जन्मभर वास्कोच्या बसवर कंडक्टर, आणि जत्रांच्या दिवसांत गावच्या दशावतारी मंडळीत राक्षस. स्टेजवर थयथयाट करणाऱ्या या माणसाने घरात कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. फुटबोर्डावर लोंबकळणाऱ्या कॉलेजवाल्यांकडे ते नुसतं बघायचे आणि ती मंडळी मुकाट आत सरकायची, असं त्यांचा ड्रायव्हर सांगे. थोरल्या दिरासमोर मोठ्याने हसायचं नाही, असं मला माहेरून शिकवून पाठवलं होतं. ते मी पहिल्याच वर्षी विसरले, आणि दोष सगळा त्यांच्या भुवयांचा. आमटी अळणी झाली की एकच भुवई वर जायची आणि वैनी, म्हणजे माझ्या जाऊबाई, न बोलता मीठ आणायच्या.

एके वर्षी आठवीच्या धड्यात रागाने बघण्याचे पाच-सहा शब्द एकदम आले. आपण मराठीत डोळे वटारतो, आठ्या घालतो, नाक मुरडतो. इंग्रजीवाल्यांनी प्रत्येक तऱ्हेला एकेक सुटा शब्द करून ठेवलाय. मी फळ्यावर लिहून दमले, मुलं पाठ करून दमली, पण फ्राउन आणि स्काउल यांत फरक काय, ते कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी हेडबाईंची परवानगी काढून मी भावोजींनाच वर्गात उभं केलं. मी शब्द म्हणायचा, त्यांनी चेहरा करायचा. नुसती कपाळाला आठी घातली, तो फ्राउन. तोंडही कडू झालं, स्काउल. वरचा ओठ एका बाजूने उचलून तुच्छतेने बघितलं, स्नीअर. ग्लावर म्हणताच मान खाली घालून ते खालून असे धुमसत बघत राहिले की मलाच दोन पावलं मागे जावंसं वाटलं. आणि ग्लेअरला त्यांनी नजर रोखली तेव्हा मागच्या बाकांची चुळबुळ थांबली नि पुढची एक मुलगी चक्क रडायला लागली. भावोजीच घाबरले. तिच्या बाकाशी उकिडवे बसून म्हणाले, "रडूं नाका गे बाये. ह्यो राग म्हजो न्हय, राक्षसाचो. म्हजो असो दिसना."

"मग तुमचो कसो दिसता?" तिने नाक पुसत विचारलं.

"बाईंक विचार," ते म्हणाले. बाईंना तेव्हाही ते माहीत नव्हतं.

मांद्र्याच्या, म्हणजे माझ्या सासरच्या घराची दर्शनी खोली आम्ही सीझनला पाहुण्यांना देतो. इंग्रजी माझं, म्हणून बुकिंगही माझं. त्याच खोलीत मंडळीचा पेटारा असतो. पेटारा म्हणजे सोंगांच्या सामानाची पेटी. आत गणपतीचा लाकडी मुखवटा असतो, त्याची पूजा झाल्याशिवाय खेळ उभा राहत नाही. पेटाऱ्यावर कुणी बसत नाही, कुणी काही ठेवत नाही, हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. पाहुणे यायच्या आधी भावोजी तो स्वतः देवघरात हलवत. ते जायच्या आधीच्या रविवारी मी तिथे होते, तर पाहुणे दोन तास आधीच टपकले. भावोजी बाजारात, वैनी शेजारी. मी पेटारा ओढत मागच्या पडवीत नेला. मग ठेवू आत, असं म्हटलं आणि चहाच्या गडबडीत साफ विसरले. पाहुण्यांना ते टेबल वाटलं असणार. समुद्रावरून येऊन त्यांनी ओले टॉवेल आणि चड्ड्या त्यावर पसरून ठेवल्या.

भावोजी पोदेराकडचे उंडे, म्हणजे बेकरीतले पाव, घेऊन मागच्या दाराने आले. मी धावत पोचले तोवर ते एकेक कपडा उचलून, झटकून, चिमटा लावून दोरीवर घालत होते. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी पेटारा पुसला, पंचा पिळला, आणि मग माझ्याकडे बघितलं... कपाळाला आठी नव्हती. ओठ जागच्या जागी. भुवई हलली नाही. माझ्या फळ्यावरचं एकही नाव त्या नजरेला बसेना.

"भावोजी, रागावलात?"

"तूच सांग. मास्तरीण मगो तू," असं म्हणून ते उंडे ठेवायला आत गेले.

चुकलं, एवढं म्हणायला चार पावलं आत जायचं होतं. त्याऐवजी मी पाहुण्यांना इंग्रजीतून झापलं, चूक माझी असताना. पुढच्या रविवारी निवांत बोलू म्हटलं. गुरुवारी शाळेत फोन आला.

हे म्हणतात, "दादा आनी तुज्यार रागावतलो? पिशें लागलां तुका." असेलही. कधी वाटतं, मास्तरीण म्हणाले ते थट्टेतच. मग वाटतं, थट्टा करणारा माणूस पंचा इतका घट्ट पिळत नाही. दिवसभरात दहा वेळा मी दोन्ही बाजूंनी बोलते आणि दोन्ही वेळा मला माझंच पटतं.

बाराव्यानंतर मंडळीची माणसं पेटारा न्यायला येणार होती. त्याआधी भावोजींचं सामान वेगळं काढायला वैनींनी मला हाताशी घेतलं. रंगाच्या डब्या निघाल्या, दोऱ्याने बांधलेल्या मिशा निघाल्या, आणि तळाशी तळहाताएवढा एक आरसा, काठावर काजळाचे अंगठे उमटलेला. वैनी डब्या पुसत होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष नाही असं समजून मी आरसा तोंडासमोर धरला. आधी आठी घातली. मग नजर रोखून बघितली. छे. मग सगळंच सोडून दिलं, ओठ जागेवर, भुवया जागेवर, फक्त डोळे समोर ठेवले. हां, हीच ती. आता नाव सांगा, मास्तरीणबाई...

"अशी कित्याक बघता गे?" वैनी म्हणाल्या. "रडूं येता जाल्यार रड. कोणें आडायलां तुका?"

मला रडू येत नव्हतं. मी फक्त भावोजींची ती नजर करून बघत होते, आणि वैनींना तिच्यात रडू दिसलं. नुसता राग असता तर त्यांच्या फोटोसमोर माफी मागून मोकळी झाले असते... आरसा वैनींनी मलाच दिला. माझ्या कपाटात आहे. पालथा ठेवलाय.