उगवतीकडचं दार

सुखदेव गवंडी गेल्याचं मला बसस्टॉपवर कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि मला निरोप नाही. वाईट वाटायच्या आधी राग आला. तो राग तसा जुनाच.

कामरगावच्या रस्त्यावरचं आमचं चर्च त्यानं बांधलं आणि नकाशा मी काढला, मी म्हणजे शाळेतला चित्रकलेचा मास्तर. आधी आमची मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, टिनाच्या शेडमध्ये व्हायची. मला मनोरा नको होता. घड्या घातल्यासारखं काँक्रीटचं छत, बिनगिलाव्याच्या भिंती आणि वेदीमागे विटांचीच उंच जाळी. गावानं त्याला सरळ ‘जिनिंग’, म्हणजे कापसाचा कारखाना म्हटलं. फादर दुसऱ्या गावची मिस्सा आटोपून संध्याकाळी येत, म्हणून जाळी पूर्वेला काढली होती आणि दार पश्चिमेला. पायव्याची आखणी झाली तेव्हा मी बायकोच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला. परतलो तर जोतं वर आलेलं, आणि दार पूर्वेला; म्हणजे जाळी गेली पश्चिमेला.

“देवाचं तोंड उगवतीकडंच पाह्यजे, मास्तर,” सुखदेव म्हणाला. “तुमाले इचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं.”

जोतं फोडणं शक्य नव्हतं. त्याचा धंदा बसेल म्हणून मी बोभाटाही केला नाही. पण पहिल्याच मिस्सेला मावळतीचं ऊन जाळीतून सगळ्यांच्या डोळ्यांत घुसलं. हे कसं झालं, असं फादरांनी विचारलं, तर हा माझ्या शेजारी उभा राहून म्हणतो, “नकाशातच तसं होतं, फादर. नकाशा पान्यात गेला.” प्रत एकच होती, माझा शब्द कोण धरणार... दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा चहाला आला. मीही चहा ठेवला. तेव्हापासून मी ‘उलट्या चर्चचा मास्तर’.

तेरावं झाल्यावर वहिनी घरी आल्या, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा.

“पेटीत ठेवला व्हता. मी गेल्यावर मास्तरले देजो, म्हनत.”

पाण्याचा एक डाग नाही. उत्तरेचा बाण जिथल्या तिथे. इतकी वर्षं त्यानं तो फाडला नाही आणि दाखवलाही नाही. जिवंतपणी दिला असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता भांडू कुणाशी?

नकाशा मी अजून कुणाला दाखवलेला नाही. संध्याकाळच्या मिस्सेला ऊन आत आलं की सगळे कपाळावर हात आडवा धरतात. मी धरत नाही. परवा डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर शेजारचा हळूच म्हणाला, “भोगा मास्तर, तुमचंच ऊन हाये.”