ताटात परत ठेवलेला विडा

"बारा वरीस मन्हा घरनं खादं, आते कोठे चालना तू?"

माझे काका, म्हणजे नाना, असे गरजले की ओट्यावरच्या कबुतरांनी जे उड्डाण केलं ते थेट सातपुड्यापलीकडे उतरलं असणार. शिरपूरकडच्या आमच्या गावी पाडव्याला सालदाराचं वर्ष ठरतं. मालक ताटातून पानाचा विडा पुढे करतो, सालदाराने घेतला की वर्षभराची चाकरी पक्की. नानांनी यंदा विचारलंच नाही, सरळ आमच्या बारा वर्षांच्या सालदाराच्या हातात कोंबला. त्याने तो हळूच ताटात परत ठेवला.

"नाना, औंदा मी ऱ्हासु नही. डोंगरमा मन्ही जमीन शे. बायकोनी एकटीनी नांगरी. पेरानी शे."

मी जळगावात इतिहास शिकवतो. तोंड बंद ठेवणं माझ्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. मी थेट अमेरिकेला पोचलो. म्हटलं, "नाना, तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हा दक्षिणेत तंबाखू, भात, नीळ. एकेक शेत इतकं मोठं, की पेरायला निघालेला माणूस म्हातारा होऊन परत यायचा! सगळं गुलामांच्या पाठीवर. उत्तरेत जहाजं, मासळी, व्यापार. पण तो मालही अशाच शेतांना जायचा. गुलाम तिथेही होतेच. आणि मालक म्हणायचे काय? आमच्या घरचीच माणसं!"

"मी गुलाम ठेयेल शे का रे?" नानांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"नाही. याला वर्षातून एक पाडवा तरी मिळतो. त्यांना तोही नव्हता. पोटचं पोर विकलं जायचं. पण ऐका तर! त्याच मालकांनी इंग्लंडच्या राजाशी भांडताना लिहिलं, की माणूस जन्मतःच मोकळा असतो. आणि उत्तरेतल्या गुलामांनी तेच म्हणणं उचलून सरकारात अर्ज केला. मग आम्ही कोण, म्हणाले."

हे मी वर्गात शंभरदा सांगितलंय. त्या दिवशी मात्र सांगता सांगता मलाच प्रश्न पडला. ज्यांच्या नावावर स्वतःचं अंगही नव्हतं, त्यांना ते वाक्य आपलं आहे हे कळलं कसं?

नानांनी ताट जवळ ओढलं. मग विडा उचलून त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकला. "जाय," म्हणाले. "पेरनी आटपनी का पोळ्या खावाले ये."

मी सालदाराला फाट्यापर्यंत सोडायला गेलो. छाती इतकी फुगली होती की सदऱ्याच्या गुंड्या रस्त्यात कुठे तरी पडल्या असाव्यात. शेवटी राहवलं नाही. विचारलं, "काय भाऊ, माझ्या बोलण्याने काम झालं की नाही?"

त्याने खांद्यावरचं गाठोडं सरळ केलं.

"मी ते सकायलेच बांधी ठेयेल व्हतं, सर."