अक्का आणि बाटलीबंद टोमॅटो

दुसऱ्याला दमवण्याची एवढी ताकद असलेली बाई अख्ख्या बेंगळुरात दुसरी नसेल, आणि ती नेमकी माझ्या खालच्या मजल्यावर राहते. त्यांना सगळे अक्का म्हणतात. पिढ्यानपिढ्या बसवनगुडीत राहिलेलं मराठी घर. ते अंगणासकट विकलं गेलं आणि अक्का मुलाबरोबर बेळ्ळंदूरच्या आमच्या इमारतीत आल्या. आल्या आल्या त्यांनी कंपाउंडच्या भिंतीलगतचा मोकळा तुकडा हेरला, कमिटीकडून वर्षभरासाठी मागून घेतला आणि ही सगळ्यांची बाग असं जाहीर केलं. सगळ्यांची म्हणजे त्यांची आणि माझी. आठवडाभर लॅपटॉपपुढे मान मोडून मी शनिवारी जरा आडवा होतो न होतो, तोच अक्का दारात. "अण्णा, स्वल्प खाली येता का?" त्यांच्या निम्म्या वयाचा असून मी अण्णा, आणि ते स्वल्प जेवणवेळेपर्यंत चाले. त्यात त्यांना तण उपटवत नसे. "आपणहून आलंय, असू दे," म्हणून त्या गवतालाही आळं करत. टोमॅटोंची विचारपूस मात्र कन्नडमध्ये, कारण रोपं जयनगरहून आणलेली होती.

मग टोमॅटो आले, आणि इतके आले की अक्का पिशवी घेऊन दिसल्या की शेजारी जिन्याने जाऊ लागले. तोवर वर्ष संपत आलं होतं. कमिटीला त्या जागेवर गाड्या लावायच्या होत्या आणि निर्णय सभेत हात वर करून व्हायचा होता. अक्कांना आता एवढीच माती उरली होती. त्यांनी ठरवलं, सभेत घरटी एक बाटली टोमॅटो द्यायचे. बागेतलं खाल्ल्यावर नाही कोण म्हणेल? बाटलीबंद करायचं आम्ही दोघं व्हिडिओ बघून शिकलो. बाटल्या उकळल्या, टोमॅटोत लिंबू पिळलं, भरलेल्या बाटल्या पुन्हा पातेल्यात उकळल्या. थंड होताना झाकणं टक टक करत आत बसली. आता यांना हात लावायचा नाही, झाकण उघडलं की माल टिकत नाही, असं मी बजावून सांगितलं.

पण अक्कांचा जन्म लोणच्यांत गेलेला. आंघोळ करून, कोरड्या चमच्याने, रोज बरणी उघडून खालीवर करायची, याला त्या काळजी घेणं म्हणत. सभेच्या सकाळी बाटल्या न्यायला गेलो, तर प्रत्येक झाकण उघडून, चाखून, पुन्हा घट्ट लावलेलं.

"न चाखता लोकांच्या हातात कसं देऊ, अण्णा?"

मी तिथेच स्टुलावर बसलो. चिडायलाही अंगात त्राण नव्हतं.

सभेत अक्का प्रत्येकाला सांगत होत्या, "फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा." लोकांनी धीर धरला नाही, तिथेच बोटं घालून चाखलं. "अक्का, टेस्ट एकदम मस्त आहे हां," म्हणाले, आणि बोटं चाटून तेच हात गाड्यांसाठी वर केले.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या, "त्यांनी तरी गाड्या कुठं ठेवायच्या?" पण नंतर लिफ्ट आली तरी त्या आत शिरेनात.

सोमवारी तिथे फरशी बसणार होती. रविवारी पाहतो तर अक्का रोपांना पाणी घालताहेत.

"अक्का, उद्या उपटणारच आहेत सगळं. आता कशाला?"

"उपटणार ते उद्या," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आजचा दिवस तहानेलं ठेवायचं का त्यांना?"

अक्का एकेका रोपाशी वाकत पुढे गेल्या, आणि ऊन चढेपर्यंत मी त्यांच्यामागे बादल्या भरून आणत राहिलो.