आबांची वाघीण

लोणीहून मी निघाले तेव्हा आबा कामाच्या शर्टातच माझ्यासोबत जीपमध्ये बसले. ठिणग्या उडून त्या शर्टाला बारीक बारीक भोकं पडली होती. सकाळी एका ट्रॉलीचं काम हातावेगळं करून ते तसेच उठून आले होते. नव्याण्णव साल होतं, मी नोकरीसाठी इंग्लंडला निघाले होते. मंचरच्या स्टँडवर माझी कॉलेजातली मैत्रीण आईवडिलांसोबत गाडी घेऊन थांबणार होती आणि तिथून आम्ही मुंबईला, विमानतळावर जाणार होतो. स्टँड दिसू लागला तशी मी आबांना म्हणाले, "तुम्ही इथूनच माघारी फिरा. मुंबईपर्यंत उगाच दगदग." ते "बरं" म्हणाले. बॅग उचलून त्यांनी गाडीच्या डिकीत ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीची जीप बघायला गेले. आबांना जीपवाला समजून, गाडी सुटल्यावर मैत्रिणीच्या आईनं विचारलं, "वडील नाही आले का गं सोडायला?"

मी म्हणाले, "कामात होते."

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गावात राहिलेल्यांनी हे वाचलं तर मला नावं ठेवतील, आणि ठेवावीतच. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यातले काही मात्र वाचता वाचता मान खाली घालतील असं वाटतं.

आबा वेल्डर. घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे, मोडलेले नांगर जोडून द्यायचे. आमच्या वस्तीत वेल्डिंग मशीन घेणारे ते पहिलेच. शेडवर त्यांनी पाटी रंगवून घेतली होती, 'वैशाली इंजिनिअरिंग वर्क्स'. वैशाली म्हणजे मी. पुण्याच्या हॉस्टेलवर मुली विचारायच्या, वडील काय करतात? मी सांगायचे, इंजिनिअरिंग वर्क्स आहे. त्यात खोटं काही नव्हतं. वर्षभरात त्याचं 'वडील इंजिनिअर आहेत' कधी झालं ते मला कळलंही नाही. नोकरीच्या फॉर्मवर तर मी तेच लिहिलं. आडनाव ऐकून समोरच्याच्या कपाळावर जी आठी पडायची ती त्या एका शब्दानं जरा सैल व्हायची, आणि मला त्याची सवय लागली.

इंग्लंडात माझ्या शेजारी वॉकर नावाचे एक वयस्क गृहस्थ राहायचे. निवृत्त बसड्रायव्हर. पहिल्याच भेटीत त्यांनी ते सांगून टाकलं, काही आडपडदा न ठेवता. एका शनिवारी त्यांच्या गॅरेजमधून ग्राइंडरचा आवाज आला आणि जळक्या लोखंडाचा वास भिंतीवरून माझ्याकडे आला. घर सोडल्यापासून मी पहिल्यांदा रडले. मग जाऊन त्यांचं दार वाजवलं. गॅरेजमध्ये छोट्या रेल्वेचे डबे होते. खेळण्यातले नव्हेत, कोळशावर चालणारं खरंखुरं इंजिन, एकमेकांपासून पाच इंचांवरचे रूळ आणि दीड-दोन हात लांबीचे मालडबे. त्यांच्या क्लबानं गावाबाहेर एका बागेत असे रूळ टाकले होते.

रविवारच्या फोनवर मी आबांना हे सांगितलं. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. पण भंगार आणायला पुण्याला गेले की आबा मालधक्क्याच्या कुंपणाशी उभे राहून डबे न्याहाळायचे. शाळेच्या पुस्तकात मालडब्याला वाघीण म्हटलेलं मी त्यांना वाचून दाखवलं होतं, तेव्हापासून ते वाघीणच म्हणायचे. माझं ऐकून ते म्हणाले, "त्याचा नकाशा मिळंल का?"

वॉकरांनी ड्रॉइंगच्या झेरॉक्स दिल्या. मी त्या पोस्टानं पाठवल्या. पंधरा-वीस दिवसांनी आबांचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "अगं, ही विलायतची मान्सं आपल्याच मापात काम करत्यात. समदं इंचात हाय. म्या सरळ सुतात करून घेतलं." आठ सुतांचा इंच, हेच माप ते जन्मभर वापरत आले होते.

वाघीण व्हायला आठ महिने लागले. ट्रॉल्यांच्या कामातून वेळ मिळेल तसं ते करायचे. चाकं नारायणगावच्या एका लेथवाल्याकडून कातून आणली, दोनदा परत केली, तिसऱ्यांदा ती मनासारखी आली. पहिली चौकट वेल्डिंगच्या उष्णतेनं पिळली, ती मोडून दुसरी केली. "सुताचासुद्धा फरक न्हाई," असं ते मला सांगायचे आणि मागून आईचा आवाज यायचा, "जेवाया उठत न्हाई ह्यो मानूस."

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आबा महिनाभर माझ्याकडे आले. आई म्हशी सोडून यायला तयार झाली नाही. विमानतळावर त्यांच्याकडे कपड्यांची एक लहान पिशवी होती, आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले वाघिणीचे भाग. माझ्या बैठकीच्या खोलीत त्यांनी ती जोडली. वॉकर आले, गुडघ्यावर बसले, चौकटीखाली हात घालून जोडांवरून बोट फिरवत राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी तासभर ते वाघिणीभोवती सरकत राहिले, खुणा करत, हसत.

पुढच्या रविवारी क्लबाचा खुला दिवस होता. वॉकरांच्या इंजिनामागे आबांची वाघीण लागली आणि बागेला चक्कर मारून आली. आबा रुळाशेजारी वाकून नुसती चाकं बघत चालले होते. गाडी थांबल्यावर वॉकर मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचार, एवढं वेल्डिंग करून चौकट सरळ कशी राहिली? माझी दर वेळी वाकते. आणि त्यांचा मूळ व्यवसाय काय, तेही विचार."

मी विचारलं. आबांचा चेहरा उजळला. असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. इंजिनाच्या फुसफुसाटात, वाघिणीजवळ बसून ते मला सांगू लागले, "त्यास्नी सांग, म्या वेल्डर हाय. ट्रॉल्या करतो. आधी समोरासमोर टाके मारायचे, एका दमात वडायचं न्हाई. निवू द्यायचं..."

तेवढ्यात मला आमच्या ऑफिसचे मॅनेजर दिसले. पुण्याचेच. मुलांना घेऊन, हातात चहाचा कप, आमच्याकडेच येत होते. माझ्या नोकरीच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते त्यांना माहीत होतं. ते ऐकण्याइतके जवळ आले होते. मी वॉकरांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ते इंजिनिअर आहेत. तुम्हाला धन्यवाद म्हणतायत." आणि आबांना म्हणाले, "चला, चहा घेऊ." त्यांचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. दंडाला धरून मी त्यांना चहाच्या तंबूपलीकडे नेलं.

परतताना आम्ही बसमध्ये वरच्या मजल्यावर बसलो होतो. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "वेल्डरला इंग्रजीत येगळं काय म्हंतात का गं?"

मी पर्समध्ये तिकिटं शोधू लागले.

"मला वाटलं, त्यो इंग्रजीच शब्द हाय," ते म्हणाले.

वाघीण वॉकरांना देऊन आबा परत गेले. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. गावात कुणी विचारलं, काय बघितलं तिकडं, तर ते म्हणायचे, "माजी वाघीण इंजनामागं पळाली." एवढंच. मला ते आईकडून फोनवर कळायचं. एकदा धीर करून मी मॅनेजरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "असं का? मला तर आठवतही नाही." ज्या माणसासाठी मी बापाला लपवलं, त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

दोन हजार सातमध्ये मी लोणीला गेले. आबांच्या डोळ्याला पाणी यायला लागल्यामुळे डॉक्टरांनी वेल्डिंग बंद करायला लावलं होतं. ते शेडमध्ये खाटेवर बसले होते. मी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आबा, त्या दिवशी मी खोटं सांगितलं."

"व्हय. ऐकलं म्या."

"मला लाज वाटली होती. तुमच्या कामाची."

काहीतरी समजुतीचं बोलतील असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "तू मला विंजनेर केलंस, त्याचं ऱ्हाऊ दे. पर त्या मान्सानं चौकटीचं इचारलं व्हतं. माज्या कामातलं मला कुनी पयल्यांदाच इचारलं. त्ये तरी सांगितलंस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"म्हंजी त्याची आजून वाकतच आसंल," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. चार वर्षं मी माझ्या अपमानाच्या भीतीचाच विचार करत होते. त्यांची एका कारागिराशी गाठ पडली होती आणि ती मी तोडली, हे मला सुचलंच नव्हतं.

मी वही आणली. आबांनी सांगितलं, मी जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. पहिलं वाक्य होतं, 'मी वेल्डर आहे, माझ्या मुलीनं तुम्हाला चुकीचं सांगितलं.' मी पेन थांबवलं. ते म्हणाले, "लिव्ह." मी लिहिलं. पुढची दोन पानं टाके कुठं मारायचे, किती निवू द्यायचं, गुण्या लावून काटकोन कधी तपासायचा याचीच होती. पत्र मंचरहून टाकलं.

इंग्लंडात परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी वॉकर उत्तर घेऊन दारात उभे होते. माझ्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. सगळं आबांना होतं, आणि तळाशी चौकटीचं चित्र काढून चार प्रश्न.

आता वॉकरांची पत्रं मी रविवारी फोनवर आबांना मराठीत वाचून दाखवते. एखादा शब्द अडला तर अडला म्हणून सांगते, वॉकरांना विचारून पुढच्या रविवारी भरून काढते. वाचता वाचता आबा मध्येच थांबवतात आणि विचारतात, "आसंच लिवलंय का?"

"असंच लिहिलंय, आबा."

ते "हां" म्हणतात. त्या "हां"मध्ये विश्वास किती आणि सोडून देणं किती, हे मला अजून कळलेलं नाही. इथं माझं घर आहे, पासपोर्ट बदलला आहे, आणि माझा शब्द कुणी तपासत नाही. लोणीत एक माणूस दर रविवारी तो तपासतो. घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मी लोणी सांगते.