राजघाटावर गेलेली डबी

देवावर मी कधी शंका घेतली नव्हती. पण डॉक्टरांनी खालची हिरडी चिरून उचलली, आत हाड भरून यायची पूड घातली आणि हिरडी वर ओढून टाके घातले, तेव्हा मनात आलंच, इतकी वर्षं भजनं म्हटली त्याचं हेच का फळ? जखम मिटलेली राहिली तरच आत हाड धरेल, उघडली तर पुढचे दात गेलेच समजा, असं ते म्हणाले. "तंबाखूनं जखम उघडते. तंबाखू, मिसरी काही लावता का?" त्यांनी विचारलं. "छे हो!" मी म्हटलं. शेजारी सून बसली होती. भाजल्या तंबाखूची मिसरी रोज दातांना घासते, हे तिच्यासमोर कसं कबूल करू?

तोंडात टाके असतानाच तापी जयंती आली. भजनी मंडळाबरोबर तापीच्या राजघाटावर स्नानाला गेले, सूनही आली. कमरेला मिसरीची डबी खोचलेली. तिच्यावाचून जीव नुसता कासावीस झाला होता. स्नान झालं की आडोशाला जाऊन हळूच बोट फिरवायचं, असं ठरवूनच आले होते. पायरीवर एक अनोळखी बाई बसली होती, बोलण्यावरून देडतलाई गावाकडची वाटली. "ताई, डबी भिजून जाईन. मले दे, मी धरते," म्हणाली. मी दिली. डुबकी मारून वर येते तो ना बाई, ना डबी!

माझा तोलच सुटला. "चोर, चोर! डबी घेऊन गेली मेली!" टाक्यांचंही भान राहिलं नाही. मंडळातल्या बाया धावल्या, सून धावली. "आई, काय होतं हो डबीत? सोनं?" सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. खोटं काही सुचेना. "मिसरी," मी म्हणाले. सुनेनं माझा ओला पदर तेवढा खांद्यावर नीट केला. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर दुसरी डबी भरायला हात धजावला नाही.

टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "जखम छान मिटलीय." तेव्हा मान खाली घालून त्यांना खरं काय ते सांगितलं.

ती बाई चोर होती, विसरून निघून गेली, की आणखी कोणी होती, मला माहीत नाही आणि त्यावर मी कुणाशी वादही घालत नाही. घाटावर तिला पुष्कळ शोधलं, दिसली नाही. जे तोंड तिच्यामुळे वाचलं, त्याच तोंडानं तिला चारचौघांत चोर म्हटलं, याची लाज मात्र जात नाही. आता तापीमायपुढे हात जोडते तेव्हा काही मागत नाही. माझ्या कमरेला जे खोचलेलं असेल ते ने, माये, एवढंच म्हणते.