मिस्त्रींची फळी, माझं वायरिंग

मशीनच्या सगळ्या वायरी मी एकाच जुडीत बांधल्या, ही माझी चूक. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी भाग पाडलं नव्हतं. दिसायला छान दिसतं म्हणून बांधल्या.

त्याला कारण माझा धंदा. गोंदियातल्या राइस मिलचा मी इलेक्ट्रिशियन. मोटर बंद पडली की सगळ्यांना मी आठवतो, चालू झाली की कोणालाच नाही. म्हणून आम्ही लोक आपली सगळी कला पॅनलच्या पेटीत दाखवतो. वायरी सरळ, कोपरे काटकोनात, दर चार बोटांवर एक टाय. माझं पॅनल उघडलं की नवरीची वेणी पाहिल्यासारखं वाटायचं. असं मीच म्हणत असे. दुसरं कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

दोन हजार दहाच्या पुढेमागे मला लाकडावर नक्षी कोरणारी मशीन घरी बनवायचं खूळ लागलं. सांगाडा मिलच्या भंगारातल्या लोखंडाचा. कॉम्प्युटर कोणीतरी टाकून दिलेला, पण त्याच्या पाठीवर प्रिंटरची ती जुनी रुंद खाच होती, म्हणून मला तो सोन्यासारखा. त्या खाचेतून निघणाऱ्या बारीक इशाऱ्यांवर तीन छोट्या मोटरी चालायच्या: एक डावी-उजवीकडे, एक मागेपुढे, एक वरखाली. एक इशारा, एक पाऊल. चौथी मोटर स्पिंडलची, म्हणजे कटर गरगरा फिरवून लाकूड कापणारी. तिचा वेग सांभाळायला वेगळा ड्राइव्ह. हा सगळा पसारा मी मुर्रीतल्या घराच्या ओसरीत मांडला. बायको म्हणाली, "मिलमधून सुटी भेटली तं घरीच मिल लावली."

मशीनवर पहिला विश्वास ठेवला तो शेजारच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी. अर्ध्या मुर्रीचे दरवाजे त्यांच्या हातचे. लकव्याचा झटका येऊन गेल्यापासून मात्र त्यांचा उजवा हात पटाशी धरत नव्हता. लेकीचं घर सालेकशाला बांधून होत आलं होतं, आणि तिच्या दारासाठी सागाची एक फळी त्यांनी कित्येक वर्षं माळ्यावर जपली होती. एकच. खराब झाली तर दुसरी नव्हती. आणि दुसऱ्या सुताराला ती द्यायला ते तयार नव्हते.

"दुसऱ्याले देली तं तो त्याच्या हाताचं काढन," ते म्हणाले. "तुह्या मशीनले सोताचा हातच नाही. थे माह्याच हाताचं काढन."

त्यांनी आपला जुना खाका माझ्यासमोर उलगडला. पिवळ्या पडलेल्या कागदावर पेन्सिलीने काढलेली धानाच्या लोंब्यांची वेल. मी ती रेघेवर रेघ ठेवून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. वास्तूला आठ दिवस होते. मी छाती फुगवून म्हटलं, "चार दिवसांत घेऊन जा, मिस्त्री."

आधी स्पिंडल बंद ठेवून, कटरच्या जागी पेन्सिल बांधून मशीन चालवली. कागदावर लोंबी उतरली, दाण्याला दाणा लागून. मिस्त्री वाकून पाहत राहिले. "हे तं मीच काढलं गा," हळूच म्हणाले. मी पॅनलचं झाकण उघडून जुडी दाखवली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

मग प्लायवूडचा तुकडा लावला आणि स्पिंडल चालू केली. तिसऱ्या दाण्यापाशी मशीन एकदम डावीकडे पळाली आणि लोंबीच्या गळ्यातून आरपार चर पाडला. पुन्हा लावली, पुन्हा तेच. कॉम्प्युटरनं काम थांबवलं तरी स्पिंडल फिरत असेपर्यंत मोटरी जागच्या जागी थरथरत होत्या.

पुढचे तीन दिवस मी एकेकाला आरोपी केलं. लाइनला दोष दिला. कॉम्प्युटर खोलून झाडला. अर्थिंग कच्ची असेल म्हणून अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला; त्यात बायकोचा वालाचा वेल गेला आणि माझं त्या दिवसाचं जेवण जवळजवळ गेलं. प्लायवूडवर चरांमागून चर पडत होते. जुडीवर मात्र संशय आला नाही. इतकी सुंदर वस्तू गुन्हेगार असू शकते हे माझ्या डोक्यातच येईना.

मिस्त्री रोज येऊन ओसरीत बसायचे. फळी सोबत आणायचे आणि परत न्यायचे. खिशात सेलवर चालणारा छोटा रेडिओ असायचा. चौथ्या दिवशी त्यांनी तो पहिल्यांदाच ओसरीत लावला, आणि मी स्पिंडल चालू केली तसा रेडिओ गुरगुरला. मिस्त्री उठून लांब गेले, गुरगुर कमी झाली. जवळ आले, वाढली. त्यांनी तो खिशातून काढला आणि डाव्या हातानं पॅनलपासून मशीनपर्यंत जुडीच्या कडेकडेनं फिरवला. रेडिओ नुसता बोंबलत होता.

"तुह्या ह्या वेणीत काहीतरी वळवळून राहिलं."

"मिस्त्री, त्याच्यात वायरी आहेत."

"मंग वायरीच वळवळून राहिल्या."

मी वाकून जुडी नीट पाहिली. स्पिंडलची दांडगी वायर आणि इशाऱ्यांच्या नाजूक वायरी मी गळ्यात गळा घालून बांधल्या होत्या. पैसे मोजणाऱ्याच्या कानाशी बँड वाजवावा तसा प्रकार. छोट्या मोटरी त्या गोंगाटालाच इशारा समजून पावलं टाकत होत्या. मिलच्या मोटरी बहिऱ्या. त्यांना चालू आणि बंद एवढंच कळतं, कशाही बांधा. आयुष्यभर बहिऱ्यांमध्ये राहिलेल्या माणसाला कान असलेल्यांची काळजी घेणं सुचणार कुठून?

"आता काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"जुडी कापावी लागेल."

"मंग काप ना बे! पाहून कायले राहिला?"

कापली. एकेक टाय तुटताना टक्-टक् आवाज येत होता. मिलच्या धर्मकाट्याचं, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्याचं, काम झाल्यावर जाळीचं कवच असलेली थोडी केबल उरली होती, ती मालकाला विचारून आणली. इशारे त्या केबलमधून नेले, कवचाचं एक टोक अर्थिंगला जोडलं. वालाच्या वेलाचा जीव अगदीच फुकट गेला नाही. स्पिंडलची वायर उलट बाजूनं, वर बांबूला टांगून आणली. पॅनल असं दिसू लागलं की मिलमध्ये दुसऱ्या कोणी असं काम केलं असतं तर मी चारचौघांत त्याची लाज काढली असती.

प्लायवूडवर लोंबी दोनदा बिनचूक उतरली. मग मिस्त्रींनी फळी स्वतः मशीनवर ठेवली. मी बोट लाल बटणावर ठेवून उभा, ते डाव्या हातानं उजवा हात धरून बसलेले. सकाळी लावलेली मशीन दुपारी काम पुरं करून थांबली. दोघांपैकी कोणी पाणीही मागितलं नाही.

भुसा फुंकून त्यांनी डावा अंगठा वेलीवरून फिरवला. एका दाण्यावर थांबला. तो दाणा बाकीच्यांपेक्षा जरा वाकडा होता.

"इथं माही पेन्सिल घसरली होती," ते म्हणाले. "मशीननं थे बी ठेवलं." आणि डोळे पुसत हसले.

मी मोठमोठ्या मिलचं वायरिंग केलं आहे, पण त्या दुपारइतका ताठ मी कधी चाललो नसेन.

ताठपणा वास्तूपर्यंत टिकला. सालेकशाला आलेला पाहुणा न् पाहुणा दारावर हात फिरवून जात होता. मी चौकटीला टेकून उभा होतो. कोणी विचारो न विचारो, मी इशारे, गोंगाट आणि जाळीचं कवच समजावून सांगत होतो. एका सोयऱ्याला सांगता सांगता अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत आणलं होतं, तेवढ्यात मिस्त्रींची लेक वरणाची बादली घेऊन समोर आली.

"काका, दार माह्या बाबाचं आहे, तुमी काऊन अडवून राहिले? सरका बाजूले, पंगत बसून राहिली."